सणाला नर्सबाई, साध्या रविवारी मी

माझे वडील मढच्या पलीकडं एका खडी क्रशरवर कामाला होते. तिथली पांढरी भुकटी त्यांच्या छातीत बसली ती बसलीच. मी पाचवीत असताना ते कायमचे घरी आले आणि दाराशेजारच्या खाटेवर बसून राहिले. आडवं झालं की त्यांना श्वास घेता येत नसे, म्हणून झोपही बसूनच. आमचं घर एका खोलीचं, वर पत्रा. अभ्यास करताना, भाकरी खाताना, सगळा वेळ त्यांच्या छातीचा आवाज ऐकू यायचा. मी सातवीत गेले त्या वर्षी तो थांबला.

त्याच्या आधीच आईनं सुक्या मासळीची पाटी डोक्यावर घेतली होती. माळशेज घाट चढून कल्याणकडचा माल आमच्याकडं येतो. बोंबील, सुकट, जवळा. आठवडाभर ती राजुरी आणि आजूबाजूच्या मळ्यांतून, वस्त्यांवरून फिरायची आणि रविवारी जुन्नरच्या बाजारात बसायची. चार-पाच जणी मिळून एक टेम्पो ठरवलेला. तो सकाळी उजाडताच निघे. पाऊस असो, ताप असो, रविवार चुकवून चालायचं नाही. आठवड्याची चूल त्या एका दिवसावर होती.

पावसाळ्यात माल कमी यायचा, तेव्हा ती जुन्या शिवणयंत्रावर लोकांचे परकर शिवून द्यायची. तेलाची छोटी बाटली यंत्राला कायम दोऱ्यानं बांधलेली असे. "यंत्र म्हंजी जनावर," ती म्हणायची. "त्याला बोलता येत न्हाई. आपुनच तेलपाणी बगायचं."

आम्ही ख्रिस्ती. पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला होता. आईच्या माहेरचे बौद्ध, त्यामुळं आमच्याकडं नाताळला आणि मामाकडं चौदा एप्रिलला, दोन्हीकडं गोड व्हायचं. चर्चला आमच्यात देऊळ म्हणतात, उपासनेला भक्ती म्हणतात, भक्ती चालवणारे ते पाळकसाहेब, आणि भक्तीला जमतात त्या सगळ्यांना मिळून मंडळी. आमचं देऊळ गावाबाहेर. दगडी भिंती, वर कौलं, आत दोन्ही बाजूंना बाकं. आणि पुढं डाव्या हाताला पायपेटी.

ऑर्गन म्हणा हवं तर. पण आम्ही सगळे पायपेटीच म्हणायचो. भजनातल्या हातपेटीला एका हातानं भाता मारावा लागतो, म्हणून वाजवायला एकच हात उरतो. हिला खाली दोन पायट्या. पायांनी हवा भरायची, दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. पूर्वी कधी तरी कुणी गोरी मडम जाताना ठेवून गेली, एवढंच सगळ्यांना माहीत. पेटीची कड उंदरांनी कुरतडलेली होती, रंग तपकिरी काळपट, आणि वर मेणबत्तीचे जुने ओघळ.

वडिलांच्या मातीच्या दिवशी ती मी पहिल्यांदा नीट ऐकली. आधी दर रविवारी ऐकतच होते, पण ते पंखा ऐकल्यासारखं. त्या दिवशी मी पहिल्या बाकावर होते, पेटीपासून हातभर अंतरावर. आधी नुसती हवा आली. कुणीतरी बोलण्याआधी श्वास घेतो तशी. मग सूर आला, आणि तो कुठून सुरू झाला ते कळलं नाही. बाकाच्या लाकडातून तो माझ्या पाठीत शिरला. बायका रडत होत्या, मी रडले नाही. मी ऐकत होते. पेटीही श्वासावर चालत होती, वडिलांच्या छातीसारखीच. पण तिला धाप लागत नव्हती.

पेटी वाजवायच्या त्या नर्सबाई. एका मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, देवळामागच्या खोलीत एकट्या राहायच्या. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि तोंडाला फटकळ. आठवडाभरानं मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मला शिकायची आहे."

"काय? नर्सिंग?"

"पायपेटी."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हात दाखव." मी दाखवले. त्यांनी ते नाकाजवळ नेले आणि लगेच सोडले.

"कशात घातले होतेस?"

"सुकट निवडत होते. आईला मदत."

"लिंबू चोळून ये. पट्ट्यांना सुकटीचा वास लागला तर मंडळी गीत गाईल का भाकरी मागेल?"

मी लिंबू चोळून गेले. तेव्हापासून दर संध्याकाळी शाळा सुटली की घरी सुकट निवडायची, लिंबू चोळायचं आणि देवळात जायचं. आजही पिकल्या लिंबाचा वास आला की माझी बोटं आपोआप वाकतात.

पहिल्या दिवशी मी दोन्ही पाय एकदम दाबले. शिवणयंत्राची सवय. सूर निघाला तो उचकी लागल्यासारखा.

"अगं, परकर शिवायचाय का तुला?" नर्सबाई ओरडल्या. "एक पाय, मग दुसरा. चालल्यासारखं. आणि रमत गमत चाल, एसटी चुकत नाहीये तुझी."

पायांनी चालत राहायचं, उजव्या हातानं गीताची चाल धरायची आणि डाव्या हातानं खालचे जाड सूर. वर्षभर मला हे तिन्ही एकत्र जमेना. नर्सबाई म्हणायच्या, डावा हात म्हणजे घराचा पाया, तो कुणाला दिसत नाही आणि तो घाई करत नाही. मंडळी उलट वागायची. आमच्याकडं पहिलं कडवं बऱ्या चालीत जातं, दुसऱ्याला पाय जड होतात, आणि चौथ्यापर्यंत चढावर भरलेली गाडी. वाजवणाऱ्यानं त्यांच्या मागं जायचं नाही आणि त्यांना सोडून पुढंही पळायचं नाही. ओळ संपली की बोटं किंचित उचलायची, म्हणजे सगळ्यांना श्वास घ्यायला जागा मिळते. त्या क्षणी देवळात जी शांतता होते ती मला गीताइतकीच आवडायची. शंभर माणसं एकदम श्वास घेतात, आणि मग माझ्या बोटांची वाट बघतात.

पेटीला पुढं पांढऱ्या डोक्यांच्या खुंट्या होत्या. एक ओढली की सूर घोगरा, दुसरी ओढली की मोकळा. एक खुंटी ओढली की आवाज थरथरायचा. ती मला फार आवडे. नर्सबाई ती ओढू देत नसत. "ती सिनेमाची खुंटी आहे. देवासमोर थरथरायचं असेल तर आपण थरथरावं, पेटीला लावू नये." आणि मधली एक पट्टी दाबली की खालीच राहायची. तिचा सूर हट्टी पोरासारखा रडत राहायचा, नखानं ती वर उचलावी लागे. आम्ही तिला हट्टी पट्टी म्हणायचो.

मी नववीत असताना नर्सबाईंनी मला भक्तीला बसवलं. पण अट घालून. "सणाला मी, साध्या रविवारी तू." सणाला पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात, देऊळ भरतं, तिथं चुकून चालत नाही. जुनी रीतच होती ती. नर्सबाई शिकल्या तेव्हा त्यांनाही साधेच रविवार मिळाले होते. मला ते बरोबर वाटलं. साधे रविवार वर्षात कितीतरी असतात, सण थोडे.

पण आई भक्तीला यायची ती फक्त सणाला. नाताळ आणि उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. ईस्टर रविवारीच येतो, म्हणजे ती बाजारात. कापणीचा सण रविवारीच, म्हणजे ती बाजारात. मी वाजवायचे तेव्हा ती जुन्नरच्या बाजारात पोत्यावर बसून बोंबील मोजत असायची, आणि ती देवळात बसायची तेव्हा पेटीवर नर्सबाई असायच्या. संध्याकाळी मी सराव करायचे तेव्हाही ती वस्त्यांवर नाही तर यंत्रावर असायची. हे असंच चालू राहिलं. मी दहावी झाले, बारावी झाले, एसटीनं जाऊन-येऊन बी.एस्सी. केलं. दर रविवारी मी वाजवत होते आणि माझ्या आईनं मला एकदाही ऐकलं नव्हतं.

रविवारी ती परतली की पाटी दारात टेकवायची, हात-पाय धुवायची आणि चहा घेता घेता विचारायची, "आज काय वाजवलं गं?"

मी गीताचं नाव सांगायचे. आमच्या पत्र्याच्या पेटीच्या झाकणावर बोटं चालवून दाखवायचे. उजवा हात असा, डावा हात असा, इथं थांबायचं, इथं श्वास. ती वाकून बोटांकडं बघायची.

"आवाज कुटाय?"

"आवाज तिकडं आहे. देवळात."

"बरं," ती म्हणायची. "बोटं तर बेस पळत्यात."

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही सांगते, त्यात लाजायचं काय आहे? आईनं तर माझ्यापेक्षा जास्त सांगितलं. बाजारात गिऱ्हाईकाला सुकटीच्या मापाबरोबर ही बातमी फुकट मिळायची. "माजी पोर बी.एस्सी. हाय." एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "मग बोंबील इंग्लिश पेपरात बांदून दे की, मावशे." आईनं पुढच्या रविवारी कुठून तरी इंग्रजी पेपर मिळवला आणि त्याला खरोखर त्यात बांधून दिले.

निकाल लागला त्या आठवड्यात नर्सबाईंनी मला बोलावलं. त्यांची बोटं तोवर सांध्यात सुजायला लागली होती, पण कारण त्यांनी ते सांगितलं नाही. "या नाताळला पेटीवर तू बसायचं. मी मंडळीत बसणार आहे. मलाही कधीतरी पाठ टेकून ऐकू दे."

मी धावत घरी जाऊन सांगितलं. आई परकराला नाडी ओवत होती. तिनं नाडी अर्ध्यात सोडली.

"नाताळाला? तू?"

"हो."

"मग म्या पयल्या बाकावर बसंन. कुनाला सरकाया लागलं तरी."

त्याच पावसाळ्यात मला द्राक्षाच्या एका पॅकहाऊसमध्ये काम लागलं. परदेशी जाणाऱ्या मालाची तपासणी करायची. आधी पुण्यात काही महिने शिकून यायचं होतं. मी गेले. पुण्यात राहायच्या जागी मी टेबलाच्या कडेवर नाताळची गीतं वाजवायचे. शेजारची मुलगी म्हणायची, "तू टायपिंग शिकतेस का गं?"

आणि इकडं मंडळीच्या मनात आलं की आपली पोर पहिली पदवीधर, ती नाताळला पहिल्यांदा पेटीवर बसणार, तर पेटी अशी काळीकुट्ट बरी दिसत नाही. नाताळच्या आधी आमच्याकडं सगळंच रंगतं. घरं, कुंपणं, बैलांची शिंगंसुद्धा. देवळाला चुना लागतो. त्या वर्षी पेटीही रंगवायची ठरली. पुढाकार घेतला तो पंपवाल्या मामांनी. हे देवळाचे पंच, आणि धंदा औषध फवारायचे पंप दुरुस्त करण्याचा. भाता म्हणजे पंपच, असं त्यांचं म्हणणं. नर्सबाई तेव्हा डोळ्याच्या ऑपरेशनला नगरला भाचीकडं गेलेल्या. अडवणारं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या असत्या तरी एवढ्या आनंदाला कुणी कसं अडवायचं?

मी नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी पोचले. आईनं पिशवीसुद्धा खाली ठेवू दिली नाही. हाताला धरून देवळात नेलं. पंपवाले मामा आणि दोघं-तिघं जण उभेच होते. पेटीपुढं आडवी धरलेली चादर.

"डोळं झाक," आई म्हणाली.

मामांनी चादर ओढली. पेटी आकाशी झाली होती. चकचकीत ऑइल पेंट, कडेनं पांढरी पट्टी, आणि दोन्ही बाजूंना टेम्पोवर चित्रं काढणाऱ्या पेंटरकडून काढून घेतलेले द्राक्षांचे घड. हिरवे, रसरशीत. खाली निर्यातीचा शिक्का मारायचा तेवढा राहिला होता.

"रंग म्या निवडला," आई म्हणाली. "आबाळाचा."

"मागची भोकं लांबीनं बुजवली," मामा म्हणाले. "उंदराचं नावच नको. भात्याचं कापड पार जुनं झालं व्हतं, त्यालाबी तीन हात मारलं. आता पाणी पडू द्या, काय व्हनार न्हाई."

"आनि आत तेल म्या घातलं," आई म्हणाली. "सगळ्या पितळी पट्ट्यांना. यंत्राला घालते तसं. कवाधरनं कुनी घातलंच न्हवतं, बिचारीला."

सूर निघतो तो त्याच पट्ट्या हवेत थरथरून, आणि तेलात धूळ बसली की त्या मुक्या होतात. मी हात पुढं केला.

"हां हां! ओलं हाय," मामा ओरडले. "उद्या सकाळपातुर हात लावू नगा, ताई."

ते मला पोरी म्हणायचे. त्या दिवशी पहिल्यांदा ताई म्हणाले. मी हात मागं घेतला आणि म्हटलं, "लई छान झालीय, मामा." सगळ्यांचे चेहरे बघितले असतेत तर तुम्हीही तेच म्हटलं असतं.

नाताळच्या सकाळी देऊळ गच्च भरलं. आई पहिल्या बाकावर होती, नव्या जांभळ्या साडीत, दोन बायांना सरकवून. तिच्या शेजारी नर्सबाई, डोळ्यावर काळा चष्मा. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं. मी पाय हलवले. हवा कुठंच जाईना. भात्याचं कापड रंगानं पत्र्यासारखं ताठ झालं होतं, ते दुमडताना तडकल्याचा आवाज मला ऐकू आला. मी पट्ट्या दाबल्या. काही एकमेकींना चिकटलेल्या, काही खाली जाऊन तिथंच राहिल्या. हुस्स. मी जोर लावला. हुस्स. मंडळी उभी होती, तोंडं उघडून, माझ्या बोटांची वाट बघत.

मग एक सूर निघाला. हट्टी पट्टीचा. निघाला तो थांबेना. नख लावून उचलायला गेले तर ती रंगात घट्ट बसलेली. मागून कुणाचं तरी पोर हसलं. मी पाय थांबवले, तेव्हा तो हळूहळू, वाकडा होत होत, विझला.

मग नर्सबाई बसल्या जागेवरून गायला लागल्या. त्यांच्या मागं मंडळी. पहिलं कडवं बरं गेलं, दुसऱ्याला पाय जड झाले. मी पेटीसमोर बसून राहिले, पाठ सरळ, हात मांडीत. भक्ती संपल्यावर नर्सबाई मामांजवळ गेल्या. मला वाटलं आता फटकारतात. त्या म्हणाल्या, "रंग फार सुरेख दिलायस." आणि काठी टेकत खोलीकडं गेल्या.

घरी येताना आई नव्या साडीचा घोळ हातात धरून चालत होती. मग म्हणाली, "एक तरी निगाला."

"हो."

"येकच, पन लांब गेला." आणखी थोडं चालून, "तेलानं काय झालं का गं? म्या घातलं त्यानं?"

"छे गं. थंडीनं घसा बसलाय तिचा."

तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला किती पटलं ते मला आजही माहीत नाही. "मग उन्हाळ्यात वाजव," ती म्हणाली.

उन्हाळा म्हणजे आमच्याकडं द्राक्षांचा हंगाम. पॅकहाऊसला सुट्टी नाही, मंडळीत कुणालाच फुरसत नाही. पुण्याहून एक पेटी दुरुस्त करणारा आणला. त्यानं आत बॅटरी मारून बघितलं, आणि इथं होणार नाही, पुण्यालाच न्यावी लागेल म्हणाला. पंचांनी हो म्हटलं, पण हंगाम उरकल्यावर. मग लग्नसराई आली. मग पेरण्या. मामा माझी नजर चुकवायचे. रस्त्यात दिसले तर पंप खांद्यावर घेऊन दुसऱ्या वाटेनं जायचे.

आई अधूनमधून विचारायची. "घसा सुटला का तिचा?" आणि स्वतःच हसून, "हळदीचं दूद पाज म्हनावं."

श्रावणात एका सकाळी ती परकर शिवता शिवता यंत्रावरच कलंडली. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं. तिच्या मातीला पायपेटी नव्हती. मंडळी गायली, नेहमीप्रमाणं चौथ्या कडव्याला दमली. पेटी कोपऱ्यात उभी होती, द्राक्षांसकट. नर्सबाई तोवर कायमच्या नगरला गेल्या होत्या. त्याच हिवाळ्यात त्या वारल्याचा फोन आला.

पुढच्या वर्षी पेटी पुण्याला गेली. मासळीच्याच टेम्पोतून, कारण टेम्पोवाले भाऊ म्हणाले, "मावशीची पेटी हाय ती. दुसऱ्या कुनाच्या गाडीत कशाला?" ते आमच्या मंडळीतले नाहीत, पण दर रविवारी आई त्यांच्या शेजारी बसून जुन्नरला जायची. दुरुस्तीला बरेच महिने लागले. भाता नवा केला, लांबी खरवडून काढली, पितळी पट्टी अन् पट्टी पुसली. वरच्या टोकाचे काही सूर परत आले नाहीत. हट्टी पट्टी आता खाली राहत नाही. दुरुस्त करणाऱ्यानं विचारलं, "हा रंग काढून पॉलिश करून देऊ का?" मी म्हटलं, "नको. राहू दे."

पेटी परत आली त्या रविवारी मी वाजवली. सकाळी दहाची भक्ती. आधी हवा, मग सूर. मंडळीतल्या पुरुषांनी रुमाल काढले, पंपवाले मामा खांबामागं उभे राहून रडले. मी मात्र बाकांकडं बघत होते. पुढची भरलेली, मागची रिकामी. कायम रिकामीच असत. मला त्यात कधी काही दिसलं नव्हतं. त्या दिवशी मी मनात नावं घेत गेले, त्या बाकांवर कोण कोण बसायला हवं होतं त्यांची. आईबरोबरची मासळीवाली मावशी, भाजीवाली, मडकी विकणारीची सून. सगळ्या मंडळीतल्याच, पण रविवारी जुन्नरला, आपापल्या पोत्यावर.

भक्ती सकाळी दहाला, हे कुणी ठरवलं होतं? ज्यानं ठरवलं त्याच्या घरात बाजार करणारी बाई नसणार. ती वेळ काय डोंगरासारखी होती का? नर्सबाईंच्या मनात आलं नाही, पाळकसाहेबांच्या आलं नाही. आई तर म्हणायचीच, "देव रईवारी भेटतो आनि गिऱ्हाईकबी रईवारीच." म्हणून हसायची आणि टेम्पोत चढायची. एवढी वर्षं मी झाकणावर बोटं चालवून दाखवली. एवढी साधी गोष्ट कुणाला सुचली असती तर तिनं कितीतरी साधे रविवार ऐकले असते, सणाची वाट बघायचं कारणच नव्हतं. हे माझ्या मनातून जात नाही आणि जाईल असं वाटतही नाही.

मला पंचात घेतलं तेव्हा मी पहिल्याच बैठकीत विषय काढला. भक्ती संध्याकाळी ठेवा.

"सकाळची भक्ती ती सकाळची," एक वयस्कर पंच म्हणाले. "वाडवडलांपासून हाय."

"पायपेटी वाडवडलांपासून तपकिरी होती," मी म्हटलं.

दुसरे म्हणाले, "आवं ताई, संध्याकाळी उसातनं बाया चालत येनार. बिबट्या काय भक्तीला बसनार हाय का?"

"बसंल की," कुणीतरी म्हणालं. "मागली बाकं मोकळीच हायत."

सगळे हसले, पण मुद्दा खरा होता. आमच्याकडं अंधार पडल्यावर उसाच्या कडेनं कुणी एकटं चालत नाही. तेव्हा मामा बोलले. "टेम्पोच थेट देवळात आनायचा. बाजार उठला की साडेपाचला हितं. भक्ती झाली की त्यातनंच घरोघर सोडायचं. टेम्पोवाल्याशी मी बोलतो." आणि माझ्याकडं न बघता, "माज्याकडनं येवडं तरी व्हऊ द्या."

पहिल्या संध्याकाळी टेम्पो दारात आला. बाया उतरल्या, पाट्या भिंतीशी लावून ठेवल्या, नळावर हातपाय धुतले आणि बिचकत बिचकत मागच्या बाकांवर बसल्या. देऊळभर बोंबलाचा वास पसरला. कुणी नाकाला पदर लावला नाही. मी पाय हलवले आणि आई ज्याबद्दल नेहमी विचारायची ते एक गीत लावलं. मंडळी नेहमीसारखीच मागं ओढत होती, मी डाव्या हातानं धरून ठेवलं.

भक्तीनंतर मासळीवाली मावशी पेटीजवळ आली. बाजारात ती आईच्या शेजारी बसायची, वर्षानुवर्षं. तिनं आकाशी रंगावरून हात फिरवला, द्राक्षांवर बोट ठेवलं.

"तुजी आय मापाच्या डब्यावर बोटं आपटायची गं, गिऱ्हाईक नसलं की," ती म्हणाली. "म्हनायची, माजी पोर आत्ता आसं वाजवत आसंल. मी म्हनायची, बये, येडी झालीस का? डबा कशाला बडवती?" तिनं पट्ट्यांकडं पाहिलं. "ते ह्ये व्हय."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. ती पाटी उचलून गेली.

आता आमच्या देवळात रविवारची भक्ती संध्याकाळी असते. बाजारच्या बायांची तीन बाकं भरतात. सणाला आणि साध्या रविवारी, दोन्ही दिवशी पायपेटी मीच वाजवते.